मायाप्पाची शिट्टी

मायाप्पा गडदे यांनी मेंढराचं नरडं ओठांना लावलं, त्याच्या टोकाची आवाजाची पेटी दोन बोटांत दाबून धरली आणि फुंकर मारली. माझ्या टेबलाशी एक मेंढरू बँऽऽ करून ओरडलं.

बाहेर बाकावर बसलेले पेशंट दारातून डोकावले. मायाप्पांनी नरडं परत ट्रेमध्ये ठेवलं आणि धोतराला हात पुसले.

“आवाज हितं असतोय बगा,” ते म्हणाले. “मेंढरू मेलं तरी त्यो जात न्हाय. फुकायला कुनीतरी पायजे, बस्स.”

त्यांच्या स्वतःच्या आवाजाची तोवर नुसती खरखर उरली होती. एकेक वाक्य संपवताना मानेच्या शिरा ताठ व्हायच्या.

“ठेवा की खाली,” त्यांची बायको कोंडाबाई म्हणाली. खुर्ची रिकामी असूनही ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. “ताईंनी काय खेळाया आनलंय व्हय त्ये?”

मी ते दाखवायलाच आणलं होतं. दवाखान्यातला प्लास्टरचा नमुना फुटला होता, म्हणून सकाळी खाटकाकडून मेंढराचं स्वरयंत्र मागून घेतलं आणि धुऊन ट्रेमध्ये ठेवलं. माणसाचंही साधारण असंच असतं, ऑपरेशनमध्ये हे सगळं काढतात, एवढं समजावायचं होतं. माझी दोन वाक्यं होईपर्यंत मायाप्पांनी ते उचललं. चाळीस वर्षं मेंढरं राखलेल्या माणसाला त्यातलं काहीच नवं नव्हतं.

“येक गंमत सांगू?” ते म्हणाले. “बकरं कापाया धरलं की गाव गोळा करतंय. मेंढरू गप ऱ्हातंय. पेटी दोगांचीबी हीच. मग असं का, त्ये मला अजून उमगलं न्हाय.”

मलाही माहीत नव्हतं. तसं मी म्हणाले.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. वाचा-उपचाराचं शिक्षण संपवून मिरजेतल्या एका दवाखान्यात लागून दोन वर्षं झाली होती. मायाप्पा जत भागातले धनगर. दिवाळीनंतर त्यांचा तळ कृष्णाकाठच्या रानांत असे, त्यामुळे दवाखाना जवळ पडत होता. त्यांच्या स्वरयंत्रात कॅन्सरची गाठ होती. किरणांचे शेक देऊन झाले होते आणि गाठ परत आली होती.

त्या सोमवारी डॉ. पेठकरांनी मला बोलावून सांगितलं होतं, “मिणचे, त्या धनगराला तयार करा. दोनदा नाही म्हणून गेलाय. तिसऱ्यांदा येईल तेव्हा त्याला पाणीही गिळता येणार नाही.”

“ते काय काय विचारतील, सर. मी काय सांगू?”

“हो म्हणेल असं सांगा. शुक्रवारी टेबल मोकळं आहे.”

डॉ. पेठकर वाईट माणूस नव्हते. ऑपरेशन नाकारून गेलेले पेशंट पुढे कसे मरतात ते त्यांनी पाहिलं होतं. मी एकच पाहिला होता, पण मला तो पुरला होता.

म्हणून मी मायाप्पांना समजावत राहिले. गळ्याला पुढून एक भोक राहील. श्वास तिथून घ्यायचा. आधीसारखं बोलता येणार नाही, पण एक वेगळी रीत असते, ती मी शिकवीन. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी हात वर केला.

“बोलनं जाऊ द्या. वरीसभर मी तसाबी कुटं बोलतोय? हाळी दिली तर कुत्रंसुदिक मान वर करत न्हाय. येकशेऐंशी मेंढरं हायती, ताई, आन ती समदी आता शिट्टीवर हायती. दोन बारक्या मारल्या की वळायचं. डांबरी सडक आली की येक लांब. लांब शिट्टी झाली की म्होरलं मेंढरू पाय टाकत न्हाय.”

त्यांनी दोन बोटं जिभेखाली घातली आणि वाजवून दाखवली. त्या लहानशा खोलीत माझे कान बधिर झाले. मधल्या चौकात झोपलेली दोन कुत्री उठून उभी राहिली. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि कुणीतरी “कोण आहे रे?” म्हणून ओरडलं.

“शिट्टीला पेटी लागत न्हाय,” मायाप्पा म्हणाले. “व्हट आन जीभ लागती. व्हय का न्हाय?”

“हो,” मी म्हणाले.

“मंजी ती ऱ्हाईल.”

“राहील, मामा.”

त्यांनी कोंडाबाईकडे बघितलं. तिने होकाराची मान हलवली.

“मग करू या,” ते म्हणाले, आणि कागदावर अंगठा उठवला.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. चार तास लागले. गाठ पूर्ण निघाली, म्हणून डॉ. पेठकर खूश होते. बारा दिवस मायाप्पांना नाकातल्या नळीने पातळ अन्न दिलं. तेराव्या दिवशी नळी निघाली आणि त्यांनी वाटीभर पेज तोंडाने खाल्ली. चौदाव्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले.

ते कॉटवर पाय सोडून बसले होते. दोन बोटं तोंडात होती. गाल ताणलेले, डोळे समोरच्या भिंतीवर. काहीही आवाज येत नव्हता. त्यांनी बोटं काढली, पुसली, परत घातली. मग नुसते ओठ आवळून पाहिलं.

कोंडाबाईच्या मांडीवर घोंगडं होतं. त्यातून मायाप्पांनी लोकरीची बारीकशी बट उपटली आणि ओठांसमोर धरून फुंकर मारली. लोकर हलली नाही. मग त्यांनी ती गळ्याच्या भोकासमोर धरली आणि तशीच फुंकर मारली. लोकर उडून चादरीवर पडली.

ती उचलून त्यांनी सगळं पुन्हा एकदा केलं. आधी ओठ, मग गळा. नंतर मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“ताई, ह्ये काय करत्यात?” कोंडाबाईने विचारलं.

“सराव करताहेत,” मी म्हणाले.

मला माहीत होतं. या विषयाचं पहिलं पुस्तक उघडणाऱ्यालाही माहीत असतं. स्वरयंत्र काढलं की फुप्फुसातली हवा गळ्यातूनच बाहेर पडते; ओठांपर्यंत पोचायला वाट उरत नाही. शिट्टी नाही, फुंकर नाही, गरम चहावर फू करणंही नाही. मायाप्पांनी विचारलं त्या क्षणी हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मी राहील म्हणाले, कारण नाही म्हटलं असतं तर ते उठून गेले असते. मला ते खोटं वाटलं नव्हतं. उपचाराचा भाग वाटला होता.

आता ते मला काही बोलू शकत नव्हते. लिहिता येत नव्हतं, म्हणजे लिहूनही सांगू शकत नव्हते. घरी सोडलं त्या दिवशी त्यांनी डॉ. पेठकरांना हात जोडले. मला जोडले नाहीत. हे काही परत येत नाहीत, असं मी धरून चालले.

पुढच्या बुधवारी ते आले.

त्यानंतर पाच महिने एकही बुधवार चुकला नाही. तळ हलला तरी येत, कधी एसटीने, कधी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून. कोंडाबाई सोबत असायची. गळ्याच्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून तिने धोतराच्या तुकड्याची झालर शिवून दिली होती.

ही बोलण्याची रीत विचित्र असते. हवा गिळायची, अन्ननलिकेच्या तोंडाशी अडवायची आणि ढेकरेसारखी बाहेर सोडताना जिभेने तिचा शब्द करायचा. प, ट, क या अक्षरांनी सुरुवात करतात, कारण ती म्हणताना हवा आपोआप आत ढकलली जाते. पाट, टोपी, काकडी. पुष्कळ लोक दुसऱ्या महिन्यात कंटाळतात. काहींना लाज वाटते. चारचौघांत ढेकर देत बोलायचं म्हणजे काय! मायाप्पांना कंटाळा नव्हता आणि लाजही नव्हती. महिन्यात त्यांना पाट आला, दीड महिन्यात टोपी. मी दिलेले शब्द घोटून झाले की त्यांचे ते काही घोटत बसायचे. श वर फार अडायचे. मी म्हणाले, “मामा, श ची घाई नको, तो शेवटी येतो.” त्यांनी ऐकलं नाही.

माझा इतका मेहनती पेशंट दुसरा झाला नाही. मी तसं डॉ. पेठकरांना अभिमानाने सांगितलंही.

तिसऱ्या महिन्यात एका बुधवारी ते खोलीत सराव करत असताना कोंडाबाई मला व्हरांड्यात म्हणाली, “सडकंवर अकरा मेंढरं ग्येली, ताई.”

“कशी?”

“ह्ये म्होरं हुते. टरक येताना दिसला. ह्यांनी डबा बडवला. तेलाचा पत्र्याचा डबा घेतल्यात आता, काठीनं बडिवत्यात. पर मेंढरांना डबा काय ठावं? ती वाजलं म्हनून बिचकली आन समदी म्होरंच पळाली. म्होरल्या मेंढीला ह्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवली हुती. ती पयली ग्येली.”

मी आत गेले. मायाप्पा आरशासमोर बसून श म्हणत होते. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा दुप्पट वेळ बसले.

पाचव्या महिन्यात डॉ. पेठकरांकडे मगदूम गुरुजी आले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय बासष्ट, तोच आजार. ऑपरेशनला तयार नव्हते. जन्मभर शिकवलेल्या माणसाचा आवाज काढून घ्यायचा तर उरतं काय, असं ते म्हणत. डॉक्टरांनी मला सांगितलं, “तुमच्या धनगराला बुधवारी गुरुजींपुढे बसवा. चार वाक्यं बोलू दे. दहा लेक्चरांचं काम होईल.”

मी मायाप्पांकडून चार वाक्यं बसवून घेतली. माझं नाव मायाप्पा. माझं ऑपरेशन झालं. मी बोलतो. मी बरा आहे.

बुधवारी माझ्या खोलीत आम्ही पाच जण होतो. गुरुजी पांढऱ्या टोपीत ताठ बसले होते. डॉ. पेठकर दाराशी उभे होते. मायाप्पांनी झालर सारखी केली, हवा गिळली, आणि गुरुजींकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“शिट्टी,” ते म्हणाले. पुन्हा हवा गिळली. “येत न्हाय.” पुन्हा. “तुला. ठाऊक हुतं.”

तोवर त्यांनी मला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

डॉ. पेठकरांनी टाळी वाजवली. “ऐकलंत, गुरुजी? स्वरयंत्र नाही, तरी स्पष्ट शब्द!” ते शब्द काय होते इकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

गुरुजींचं होतं. त्यांनी मला विचारलं, “काय म्हणाले हे? काय ठाऊक होतं तुम्हाला?”

मी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. म्हणाले, “ऑपरेशननंतर शिट्टी वाजवता येईल का, असं यांनी मला विचारलं होतं. यांची मेंढरं शिट्टीवर चालायची. येणार नाही हे मला माहीत होतं. मी येईल म्हणून सांगितलं.”

मग गुरुजी मायाप्पांकडे वळले. “खरं कळलं असतं तर तुम्ही ऑपरेशन केलं नसतं, असं म्हणायचंय का?”

मायाप्पांनी नकाराची मान हलवली. आता त्यांना घाई झाली होती, त्यामुळे हवा नीट अडत नव्हती. दोनदा नुसताच आवाज आला. तिसऱ्यांदा शब्द आले.

“केलं असतं की. आठ दिसांनी.”

“आठ दिवसांनी का?”

“डबा,” मायाप्पा म्हणाले. “शिकवला असता.”

पुढचं कोंडाबाईने सांगितलं. “शिट्टी वाजवायची आन लगीच डबा वाजवायचा, गुरुजी. धा-बारा येळा क्येलं की मेंढरू डबाबी वळकतंय. शिट्टी हुती तवाच त्ये करायचं हुतं. नंतर कशानं शिकवायचं?”

मला हे सुचलंही नव्हतं. माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या, खरं सांगून माणूस मरू देणं किंवा खोटं सांगून जगवणं. आठ दिवसांनी मायाप्पांच्या गाठीत फरक पडला नसता. शुक्रवारऐवजी पुढच्या शनिवारी टेबल मोकळं होतं.

“मामा, माझं चुकलं,” मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं. झालर पुन्हा सारखी केली.

गुरुजी उठले. “इथे खरं कोण सांगतंय हे कळेपर्यंत मी काही करणार नाही,” म्हणाले आणि गेले. त्यांच्या मागोमाग डॉक्टरही गेले. संध्याकाळी ते मला म्हणाले, “तुमच्यामुळे एक माणूस गेला, मिणचे.” ते खरं ठरण्याची शक्यता होती.

पुढच्या बुधवारी मायाप्पा वेळेवर आले. मी धड्याची वही काढली तर त्यांनी ती मिटली.

“गुरुजी?”

“आले नाहीत.”

संध्याकाळच्या एसटीपर्यंत ते व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. गाडीची वेळ झाली तेव्हा परत आत आले. “गाव?” त्यांनी विचारलं. मी रजिस्टरमधून गावाचं नाव वाचून दाखवलं. त्यानंतरचा बुधवार त्यांनी पहिल्यांदाच चुकवला.

त्याच्या पुढच्या बुधवारी ते आले तेव्हा सोबत कोंडाबाई होती आणि मागे मगदूम गुरुजी होते. गुरुजींचा आवाज आणखी बसला होता. ते खुर्चीत बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“हे दोघं गेल्या बुधवारी माझ्या घरी आले आणि दोन दिवस राहिले,” ते म्हणाले. “मला वाटलं, समजूत घालायला आलेत. तसं काहीच नाही. जेवले, झोपले. माझ्या म्हशीचा खूर बघून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी बायकोशी भांडण काढलं, चहात साखर कमी म्हणून. पाऊण तास भांडत होते, बाई. हा माणूस एकेक शब्द गिळून काढतोय आणि ही त्याचा शब्द पुरा होईपर्यंत थांबतेय, मग उत्तर देतेय. मी बघत बसलो.”

“कमीच हुती साखर,” कोंडाबाई म्हणाली. “पर परक्याच्या घरी बोलायचं व्हय?”

गुरुजींनी खिशातून कागद आणि पेन काढलं. “आता तुम्ही सांगा. काय काय जाणार? मी लिहून घेतो. एकही गोष्ट गाळायची नाही.”

मी सुरुवात केली. आवाज जाणार. शिट्टी आणि फुंकर जाणार. नाकातून हवा फिरत नाही, म्हणून वास जवळजवळ जाणार. नदीत छातीच्या वर पाण्यात उतरायचं नाही. जड ओझं उचलताना आपण श्वास कोंडून धरतो, तो स्वरयंत्रामुळे कोंडला जातो. ते नसेल तर ओझं पूर्वीसारखं उचलता येणार नाही. थंडीत खोकला येईल. गुरुजी वळणदार अक्षरात लिहीत होते आणि मध्येच थांबवून विचारत होते. मायाप्पा शेजारी बसले होते. माझं संपलं, असं मी म्हणाले, तेव्हा त्यांनी टेबलावर बोटाने टकटक केलं.

“काय राहिलं, मामा?”

त्यांनी हवा गिळली. “हसू.”

मला कळलं नाही.

“हसू येतं,” ते म्हणाले. पुन्हा हवा घेतली. “आवाज न्हाय येत.”

“व्हय की, ताई,” कोंडाबाई म्हणाली. “ह्ये हसत्यात आन माजी पाठ असली तर मला कळतबी न्हाय. मला वळून बगावं लागतंय.”

हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. गुरुजींनी पेन कागदावरून उचललं.

“आणि रडणं?” त्यांनी विचारलं.

मायाप्पांनी विचार केला. “त्येबी तसंच,” ते म्हणाले.

गुरुजींनी यादीखाली दोन ओळी वाढवल्या. कागद वरपासून खालपर्यंत एकदा वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि टोपी डोक्यावर चढवली.

“डॉक्टरांना विचारून या,” ते मला म्हणाले. “ऑपरेशनआधी मला पंधरा दिवस लागतील. नातवंडांना माझ्या आवाजात काही म्हणून दाखवायचं राहिलंय. चालेल का त्यांना?”

मी विचारायला गेले.